भोन येथील स्तूप

महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या उजव्या तीरावर वसलेल्या भोन या खेड्याजवळील प्राचीन नगराच्या अवशेषांतील विटांचा बौद्ध स्तूप. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने बी. सी. देवतारे यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. त्यातून हा स्तूप, भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी व पाण्याच्या कालव्याचा माग असा एका भरवस्तीच्या नगराचा आराखडाच हाती आला. स्तूपाचा काळ उत्खननकर्त्यांनी मौर्य काळापर्यंत, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेला आहे. नगर त्यानंतर सातवाहन काळातही नांदते होते.

पूर्णा ही तापीची प्रमुख उपनदी असून जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे ती तापीस मिळते. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधील तिचे खोरे गाळाने भरलेले असून त्यात काळी जमीन खोलवर आहे. डोंगर जवळ नाही, खडक हाती लागत नाही. त्यामुळे सह्याद्रीत व अजिंठ्यास लेणी कोरणाऱ्या परंपरेहून वेगळा मार्ग येथील स्थपतीस धरावा लागला. त्याने नदीकाठची माती घेतली, विटा पाडल्या, त्या भाजल्या आणि त्यांचा स्तूप रचला. विटा भाजण्यास लागणारे सरपण, मजूर व कारागीर यांचा विचार केला, तर असे बांधकाम लहान खेड्याच्या ऐपतीबाहेरचे होते, हे उघड आहे. स्तूपाला दान देणारे व्यापारी, शेतकरी व कारागीर हे जवळपासच राहत असले पाहिजेत.

या खोऱ्याचे आणखी एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णाकाठचा बराच प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. येथील भूजल खारे असून ते पिण्यास व ओलितास फारसे उपयोगी पडत नाही. पूर्वी या पट्ट्यातील काही गावी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे अशाच पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले. ज्या भूमीत खोल विहीर खणली की खारे पाणी लागते, तेथे दाट वस्तीस पिण्याचे पाणी कसे मिळाले असेल, हा प्रश्न भोनच्या अभ्यासकास टाळता येत नाही. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी उत्तर भारतातील अनेक प्राचीन नगरांत आढळतात. त्यांपैकी काही सांडपाणी जिरविण्यासाठी, तर काही पाणी उपसण्यासाठी होत्या, असे मानले जाते. भोन येथे त्या मोठ्या संख्येने सापडल्या असून नदीचे झिरपणारे गोडे पाणी उथळ थरातून मिळविण्यासाठी त्यांचा उपयोग झाला असणे शक्य आहे. कालव्याचा माग विचारात घेतला, तर पाण्याची ही व्यवस्था घरापुरती न राहता शेतापर्यंत पोहोचली होती, असे म्हणता येते. महाराष्ट्रातील प्राचीन सिंचनाचा इतका जुना प्रत्यक्ष पुरावा क्वचितच उपलब्ध आहे; स्तूपाच्या झगमगाटात तो झाकला जाऊ नये.

मौर्य काळी विदर्भाचा बौद्ध धर्माशी संबंध कसा व कोणत्या मार्गाने आला, याविषयी लिखित आधार तुटपुंजा आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात भोजांचा उल्लेख असून त्यांचा संबंध अनेक विद्वान विदर्भाशी लावतात. पूर्व विदर्भात भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात मोठे स्तूप उजेडात आले. त्यांपैकी जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचा व्यास सु. ४० मी. आहे. पवनी वैनगंगेवर, तर भोन पूर्णेवर. दोहोंमधील अंतर मोठे असल्याने या दोन स्थळांमुळे विदर्भाच्या पूर्व व पश्चिम टोकांस प्रारंभीच्या बौद्ध वास्तूंचे अस्तित्व सिद्ध होते. पश्चिम किनाऱ्यावरील सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखला जाणारा स्तूप उकरला. त्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या आठ ब्राँझमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. सोपारा त्या काळी बंदर होते. आज तो स्तूप वसई-विरार महानगराच्या दाट वस्तीने वेढलेला आहे. ब्रह्मदेशात रंगूनच्या मध्यवर्ती चौकातील सुले पॅगोडाभोवती एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शहराचे रस्ते आखले, हेही येथे आठवते. तेथे शहर स्तूपाभोवती वाढले. भोन येथे मात्र शहर नाहीसे झाले आणि स्तूप शेतांच्या मधोमध मातीखाली उरला.

स्तूपाची मूळ कल्पना साधी आहे. बुद्धाच्या अथवा थोर भिक्षूंच्या अस्थींवर वा स्मृतिवस्तूंवर अर्धगोलाकार अंड उभारून त्याभोवती प्रदक्षिणापथ सोडीत. वर हर्मिका व छत्रे असत. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व पूर्व आशियात हीच रचना पुढे उंच होत जाऊन ‘पॅगोडा’ या नावाने परिचित झाली. भोन येथे या वास्तूचा विटांनी बांधलेला खालचा भाग मिळाला आहे. सांचीसारखी तोरणे व शिल्पे पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्या प्रवाशाची येथे निराशा होते. वस्तीच्या पांढरीची मऊ माती, खापऱ्या आणि विटांचे थर एवढेच त्याच्या दृष्टीस पडते. जवळच्या शेगाव स्थानकावर उतरणारे भाविक असंख्य आहेत. त्यांतील भोनकडे वळणारा विरळाच.

भोनचे भवितव्य जिगाव प्रकल्पाशी जोडलेले आहे. पूर्णा नदीवर नांदुरा तालुक्यात होणाऱ्या या मोठ्या धरणास १९९० च्या दशकात मान्यता मिळाली. खारपाणपट्ट्यातील शेतीस गोडे पाणी मिळावे, ही या प्रकल्पामागील अपेक्षा आहे. पाण्याची वाण असलेल्या प्रदेशात ती अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु धरणाच्या बुडीत क्षेत्रात भोन येते. आंध्र प्रदेशात कृष्णेवरील धरणामुळे नागार्जुनकोंडा पाण्याखाली जाणार, हे ठरल्यावर १९५४ ते १९६० या काळात तेथे विस्तृत उत्खनन करण्यात आले. निवडक वास्तू उंच टेकडीवर पुन्हा उभारण्यात आल्या. ती टेकडी आता जलाशयातील बेट आहे. या पूर्वोदाहरणाचा दाखला भोनच्या बाबतीतही दिला जातो. तथापि दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. नागार्जुनकोंड्याच्या कोरीव शिळा स्वतंत्र कलावस्तू म्हणूनही उभ्या राहू शकतात. भोनच्या स्तूपाच्या विटा क्रमांक घालून उचलता येतील व अन्यत्र रचताही येतील. परंतु मातीच्या थरात खोल उतरलेली कड्यांची विहीर किंवा कालव्याचा उतार उचलून नेता येत नाही. विहीर कोणत्या थरातून खणली, कालवा नदीच्या कोणत्या पातळीवर होता, स्तूप आधी की वस्ती आधी, या प्रश्नांची उत्तरे त्या जागेतच आहेत. उत्खननात नगराचा काही भागच तपासला गेला असून उर्वरित पांढर अद्याप उघडलेली नाही.