वऱ्हाडातील चिलीम, विडी आणि धुराविषयीच्या समजुती

वऱ्हाड प्रांत मोगलांकडे गेल्यानंतर काही वर्षांतच, सतराव्या शतकाच्या आरंभी, असदबेग या सरदाराने विजापुराहून तंबाखू अकबराच्या दरबारी नेली. बादशहाने झुरके घेतले, परंतु आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही अशी वस्तू घेऊ नये, असे हकिमाने बजावले, आणि त्याची ती सावधगिरी रास्तच होती.

अमरावती-अकोल्याकडील खेड्यांत रुजली ती मातीची चिलीम. तिच्या नळीत आतून खडा बसवतात, वर तंबाखू व निखारा ठेवतात आणि खालच्या तोंडाला छापी, म्हणजे ओल्या फडक्याची घडी, गुंडाळतात. चिलीम ओठांना न लावता मुठीतून ओढावी, हा नवख्याला मिळणारा पहिला धडा. छापीने धूर गाळला जातो ही समजूत मात्र खोटी आहे, कारण फडक्याने राख व ठिणगी अडते, विष अडत नाही. हुक्क्यातील पाण्यानेही धूर केवळ थंड होतो.

शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रात चिलीम येते, म्हणून ती निरुपद्रवी मानणे हा भक्तीचा विपर्यास होय. याच वऱ्हाडात गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी व्यसनमुक्तीसाठी गावे पिंजून काढली.

मेळघाटच्या जंगलात उन्हाळ्यात तोडला जाणारा तेंदूपत्ता हे विडीचे वेष्टन; झाडाचे पान म्हणून विडी सिगारेटपेक्षा सौम्य, असे आजही सांगितले जाते, परंतु या पानातून हवा कमी खेळत असल्याने विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात आणि कार्बन मोनॉक्साइड अधिकच छातीत जातो.