वारेतल्या पेशींचे मीलन मोजायचे कसे?

भाईंदर किंवा मीरा रोड स्टेशनाबाहेरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात गरोदरपण तपासायची पट्टी मिळते. तिच्यावर रेघ उमटते ती एचसीजी या संप्रेरकामुळे. हे संप्रेरक मुख्यतः वारेच्या बाहेरच्या थरात तयार होते. या थराचे वैशिष्ट्य असे, की त्यात पेशींना वेगळ्या भिंतीच नाहीत. असंख्य केंद्रके एकाच पेशीद्रवात नांदतात. आईच्या रक्ताला भिडून बाळासाठी प्राणवायू आणि अन्न घेणारा हाच थर. प्री-एक्लॅम्पसियात किंवा बाळाची वाढ खुंटते तेव्हा त्याची घडण अनेकदा बिघडलेली आढळते. म्हणून पेशींचे मीलन किती झाले हे मोजण्याला महत्त्व आहे. या मोजणीचा इतिहास वाचताना मला तो मुख्यतः पुराव्याच्या वादांचा इतिहास वाटला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा थर आईचा की गर्भाचा, यावरच मतभेद होते. थिओडोर लँगहान्स यांनी त्याच्याखालच्या सुट्या पेशींचे वर्णन केले. १८८९ मध्ये डच शास्त्रज्ञ ह्यूब्रेख्त यांनी ‘ट्रोफोब्लास्ट’ हा शब्द दिला. तरी प्रश्न उरला: इतकी केंद्रके एकत्र आली कशी? पेशी जुळून, की पेशी न विभागता केंद्रकेच विभागत राहून? १९६० च्या दशकात किरणोत्सारी थायमिडिनने उत्तर दिले. नवा डीएनए बनताना हा पदार्थ त्यात शिरतो. त्याची खूण आधी खालच्या सुट्या पेशींत दिसली, वरच्या थरात नंतर. म्हणजे वरची केंद्रके खालूनच आली होती.

१९६८ मध्ये अमेरिकेत पॅटिलो आणि गाय यांनी वारेच्या कर्करोगापासून ‘बीवो’ ही पेशीमालिका तयार केली. फोर्स्कोलिन हे रसायन घातले की या पेशी जुळू लागतात. १९८६ मध्ये क्लिमन आणि सहकाऱ्यांनी प्रसूतीनंतरच्या ताज्या वारेतून सुट्या पेशी वेगळ्या केल्या. त्या बशीत आधी एकमेकींजवळ सरकल्या, मग जुळल्या.

आता मोजणी. पेशींच्या कडांवरचे प्रथिन एका रंगाने आणि केंद्रके दुसऱ्या रंगाने रंगवतात. समजा, एकूण १०० केंद्रके दिसली; त्यांपैकी ४० ही ५ जुळलेल्या पुंजांत आहेत. मीलन निर्देशांक ४० टक्के नव्हे, ३५ टक्के. चाळीतल्या ओळीने असलेल्या आठ खोल्यांची एक खोली करायला भिंती सातच पाडाव्या लागतात. म्हणून प्रत्येक पुंजामागे एक वजा करायचा.

दुसरी पद्धत एचसीजी मोजण्याची. ती सोपी, पण फसवी. ‘जेईजी-३’ या पेशी फारशा जुळत नाहीत, तरी एचसीजी बनवतात. तिसऱ्या पद्धतीत निम्म्या पेशी लाल, निम्म्या हिरव्या रंगवून मिसळतात. दोन्ही रंग एकत्र दिसले की मीलन झाले. पण लाल-लाल आणि हिरव्या-हिरव्या जोड्या यात निसटतात. जोड्या यदृच्छेने जमल्या तर साधारण निम्म्याच दिसतात.

२००० साली ‘नेचर’मध्ये सिन्सिटिन हे प्रथिन प्रसिद्ध झाले. आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात फार पूर्वी शिरलेल्या एका विषाणूचे ते आवरण. त्याचे जनुक दुसऱ्याच पेशींत घातले, तर त्याही जुळल्या. ‘किती’ला आता ‘कशामुळे’ची जोड मिळाली.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की बीवो पेशींत एचसीजीचा अल्फा किंवा बीटा घटक दाबला तर मीलन घटते. म्हणजे हे संप्रेरक मीलनाचा केवळ परिणाम नाही, ते मीलनाला हातभारही लावते. मुंबईत परळला तर १९७० पासून प्रजनन संशोधनाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे.

माझे म्हणणे एवढेच, की पद्धत सांगितल्याशिवाय मीलनाचा आकडा वाचू नये. आणि कर्करोगाच्या पेशींवर मिळालेले उत्तर निरोगी वारेवर तपासल्याशिवाय स्वीकारू नये. त्यासाठी लागणारी ताजी वार आपल्या प्रसूतिगृहांत रोज निघते आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते. आईची संमती, नीतिसमितीची परवानगी आणि काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचवणारा माणूस, एवढी सोय झाली तर भाईंदरहून परळ काही लांब नाही.