खत, हजेरी आणि अंगठा

१२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुपे गावी आठवडी बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. 'दख्खनचे दंगे' म्हणून शाळेच्या पुस्तकात चार ओळींत उरकलेली ही घटना. पुढे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. लोकांना पैशापेक्षा कागद हवे होते. कर्जखतं, रोखे, हुकूमनामे. सावकाराने ती मुकाट्याने काढून दिली, तिथे सहसा हाणामारी झाली नाही. कागद जाळून लोक घरी गेले.

मी डेटाबेसवर काम करतो. लोकांच्या नोंदी कुठे साठवायच्या, कुणाला दाखवायच्या, किती दिवस ठेवायच्या, हे माझं रोजचं काम. त्यामुळे इंजिनिअरिंग संपल्यावर हा इतिहास पुन्हा वाचला, तेव्हा मला तो व्याजाच्या दरापेक्षा नोंदीच्या मालकीचा जास्त वाटला.

खताची रीतच तशी होती. कागद लिहिणार सावकार, ठेवणारही सावकार. कुणब्याला अक्षरओळख नाही, म्हणून सहीच्या जागी नांगराची निशाणी. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. झालं उलटंच. मुदत संपायच्या आत सावकार नवं खत करून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात जाई आणि पुन्हा निशाणी. आपण मुळात घेतले किती, फेडले किती, हे शेतकऱ्याला सांगणारा एकही कागद त्याच्या घरात नसे. कोर्टात दावा लागला की खत बोले आणि शेतकरी बहुधा हजरच नसे. त्याच्याविषयीची सगळी माहिती दुसऱ्याच्या पेटीत होती.

सुप्याच्या आधी दोन वर्षं आमच्या डोंगरात हे पेटलं होतं. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी केंगले, गॅझेटिअरच्या भाषेत 'होन्या', १८७३ पासून टोळी घेऊन सावकारांवर तुटून पडला. काहींची नाकं कापली. ते गॅझेटिअर इंग्रज अंमलदारांनीच लिहिलेलं, तरी सावकार डोंगरातल्या लोकांना सदोदित फसवतात आणि अधूनमधून गुन्ह्याकडे ढकलतात, असं त्यातच म्हटलं आहे. होन्यावर हजार रुपयांचं बक्षीस लागलं. १८७६ साली मेजर डॅनियलने त्याला पकडलं. नाकं कापण्याचं समर्थन मी करणार नाही, पण सरकार जागं झालं ते या दोन-तीन वर्षांतच, हेही खरं.

जागं होऊन सरकारने १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' केला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. व्याजावरच्या चर्चेत त्यातली एक बाजू मागे पडते. शेतकऱ्याचं खत आता सरकारी निबंधकासमोर व्हायला हवं. पैसे फेडले की पावती द्यायला हवी. मागितल्यास सावकाराने वर्षाचा हिशोब लिहून द्यायचा, पासबुक द्यायचं. आणि कोर्टाने नुसत्या खतावर न थांबता व्यवहार मुळापासून तपासायचा. माझ्या मते आपल्याकडचा हा पहिला डेटा-कायदा. तुझ्याविषयी मी काय लिहून ठेवलंय ते बघण्याचा तुला हक्क आहे, असं सावकाराला म्हणायला लावणारा.

पण डोंगरात वही एकच नव्हती. दुसरी पोलिसांची होती.

१८१८ साली पेशवाई गेली, किल्ल्यांवरची शिबंदी मोडली आणि घाटवाटा, गड राखणाऱ्या महादेव कोळ्यांचं काम गेलं. बंडं सुरू झाली. ती मोडायला आलेल्यांत कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश होता. त्याने १८३०च्या दशकात महादेव कोळ्यांवर एक सविस्तर प्रबंधच लिहिला: कुळं, चालीरीती, नायक, बंडांचा इतिहास. त्याआधी रामोशांवरही लिहिला होता. आज अभ्यासकांना ते लिखाण मोलाचं वाटतं, मलाही वाटतं. फक्त ते जमवणारा माणूस पोलीस दलाचा होता, हे वाचताना विसरता येत नाही.

मग १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आला. सुरुवातीला तो उत्तरेत लागू झाला. १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर केली. जमात 'गुन्हेगार' जाहीर झाली की तिच्या माणसांची नोंदवही, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजर राहणं, मुक्काम बदलला तर कळवणं. गुन्हा केलेला असायची गरज नव्हती. जन्म पुरेसा होता. सह्याद्रीच्या या पट्ट्यात त्याचं नाव एकाच शब्दात उरलंय: हजेरी. माझं आजोळ डिंभ्याच्या वरच्या अंगाला. आजी तिच्या सासऱ्यांबद्दल सांगायची की हजेरी चुकेल म्हणून ते लेकीच्या सासरी रात्रीचा मुक्काम करत नसत. ती हे कौतुकाने किंवा रागाने सांगत नसे. अमुक साली पाऊस लांबला होता, त्या सुरात सांगायची.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण पोलिसांची वही काही मिटली नाही. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंगवरचा दरोड्याचा खटला पुराव्याअभावी उभा राहिला नाही, तरी त्याची 'हिस्ट्री शीट' उघडली गेली आणि शिपाई रात्री दार वाजवू लागले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रात्रीचं दार वाजवणं रद्द केलं. मात्र खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असंही बहुमताने सांगितलं. ते चूक होतं, असं म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. नऊ न्यायाधीश, एकमत.

दोन्ही वह्या आता मोबाइलमध्ये आहेत. माझ्या मावसभावाने नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडल्यावर एका अॅपवरून काही हजारांचं कर्ज घेतलं. अॅपने कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागितली, त्याने दिली. ती दिल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडतच नव्हती. हप्ता आठ दिवस थकल्यावर फोन गेले ते त्याच्या सासऱ्यांना, मुलाच्या बाईंना आणि खताच्या दुकानदाराला. (हे खत शेतातलं.) कर्जाच्या अॅपने कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉगला हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलं होतं.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मला १८७९चा नातू वाटतो. तुमच्याविषयी काय साठवलंय ते मागा, चुकीचं असेल तर दुरुस्त करून घ्या, नको ते पुसायला लावा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. पण साम्य इथे संपत नाही. १८७९ने सावकाराची वही उघडायला लावली, पोलिसांच्या वहीला हात लावला नाही. २०२३च्या कायद्यातही सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट देता येते. आणि २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार पोलीस बोटांच्या ठशांबरोबर बुबुळांच्या नोंदीही घेऊ शकतात आणि त्या ७५ वर्षं ठेवता येतात. आम्ही साधा लॉग नव्वद दिवसांनी पुसतो, त्यावरही मीटिंगमध्ये वाद होतात.

अधिक ठेवलं तर बिघडलं काय, असं माझे सहकारी विचारतात. साठवण स्वस्त झालीय. जुन्नर वन विभागात बिबट्यांसाठी कॅमेरे लावतात, त्यांत पहाटे शेताकडे निघालेली माणसंही येतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी त्यांना होनाजीची गोष्ट सांगत नाही, लांबते. हजेरीची सांगतो. ती वहीसुद्धा कुणी वाईट हेतूने सुरू केली, असं तेव्हाच्या अंमलदाराला वाटलं नसणार.

मावसभावाने कर्ज फेडलं. मग मी मजकूर सांगितला, त्याने स्वतः टाइप करून अॅपवाल्यांना मेल पाठवला: माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे ती लेखी कळवा आणि माझे कॉन्टॅक्ट पुसा. उत्तरात एक तिकीट नंबर आला. दुधाच्या हिशोबाच्या वहीत त्याने तो लिहून ठेवलाय, तारखेसकट.