अनुदानाची अट आणि विश्वासाचा प्रश्न

अमेरिकेत मुलांचे आंतरजालावरील शिक्षण सुरक्षित कसे करावे, या प्रश्नाचा इतिहास कायद्याच्या कलमांइतकाच अनुदानाच्या अटींतूनही वाचावा लागतो. कारण तेथील शाळा आणि ग्रंथालये स्थानिक कारभाराखाली चालतात आणि त्यांना थेट आदेश देण्यापेक्षा पैशाला अट जोडणे संघराज्याला नेहमीच सोयीचे ठरले आहे. १९९६च्या दूरसंचार कायद्यातून ‘ई-रेट’ ही योजना उभी राहिली. शाळा व सार्वजनिक ग्रंथालयांना आंतरजाल-जोडणीच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत देणाऱ्या या योजनेत, वस्ती जितकी गरीब तितकी सवलत मोठी, असे तत्त्व होते. डिसेंबर २०००मध्ये संमत झालेल्या ‘चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ने या सवलतीला फिल्टरची, म्हणजे अश्लील व मुलांना अपायकारक मजकूर अडवणाऱ्या यंत्रणेची, अट घातली. ग्रंथपालांच्या राष्ट्रीय संघटनेने ग्रंथालयांपुरते या अटीला आव्हान दिले, परंतु २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तत्त्वतः अट सर्वांना सारखी होती. प्रत्यक्षात मात्र ज्या शाळांना सवलतीवाचून गत्यंतर नव्हते त्यांच्यावरच ती सर्वांत घट्ट बसली, आणि ही विषमता त्या काळच्या चर्चेत जितकी ठळक व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

२००८च्या दुरुस्तीने दिशा थोडी बदलली. समाजमाध्यमांवर कसे वागावे आणि सायबर-छळ, म्हणजे आंतरजालावरून होणारी छळवणूक, कशी ओळखावी, हे मुलांना शिकवणे सवलत घेणाऱ्या शाळांवर बंधनकारक झाले. केवळ अडवणे पुरेसे नाही, ही कबुलीच त्यात होती. शिकागोच्या मॅकआर्थर प्रतिष्ठानाने तर २००६पासूनच डिजिटल माध्यमे आणि शिक्षण या विषयासाठी ५ कोटी डॉलरचा उपक्रम हाती घेतला होता. त्याच्या साहाय्याने २००९मध्ये शिकागोच्या हॅरॉल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात किशोरांसाठी सुरू झालेल्या ‘यूमीडिया’ या दालनात मुलांच्या शेजारी ग्रंथपाल आणि मार्गदर्शक असत. पडद्यावरच्या कुंपणापेक्षा ओळखीच्या माणसावर भिस्त ठेवणारी ही व्यवस्था साधी होती, आणि तिचे मोल त्या साधेपणातच होते.

मोठा पैसा मात्र वेगळ्या वाटेने गेला. गेट्स प्रतिष्ठान आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या सुमारे १० कोटी डॉलरच्या बळावर ‘इनब्लूम’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. राज्याराज्यांतील विद्यार्थ्यांच्या गुणांपासून हजेरीपर्यंतच्या नोंदी एका सामाईक भांडारात ठेवाव्यात आणि त्यांच्या आधारे शिक्षणसाधने विद्यार्थ्यागणिक जुळवून घ्यावीत, अशी तिची योजना होती. या योजनेवर पालक संतापले, पण त्यांचा रोष नोंदींच्या सुरक्षेपुरता नव्हता. आपल्या मुलांविषयीची माहिती कोणाच्या हाती जाणार, हे ठरवताना आपल्याला कोणी विचारलेच नाही, ही त्यांची मूळ तक्रार होती आणि ती रास्त होती. एकेक राज्य मागे हटले, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने अशा भांडाराकडे नोंदी सोपवण्यास मनाई केली आणि एप्रिल २०१४मध्ये संस्थेने काम बंद करत असल्याचे जाहीर केले.

त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅस्पेन संस्थेच्या कृतिदलाने शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या आंतरजालाविषयी अहवाल दिला, आणि सप्टेंबरमध्ये मॅकआर्थरच्या पाठबळाने, ‘हेस्टॅक’ या विद्वज्जाळ्यामार्फत, ‘ट्रस्ट चॅलेंज’ ही १२ लाख डॉलरची अनुदान-स्पर्धा जाहीर झाली. विश्वास ही शिक्षणसाधनाला मागाहून लावायची कडी नसून त्याच्या रचनेचाच भाग आहे, ही तिच्यामागची धारणा होती. कोणती माहिती गोळा होते आणि ती कोण पाहते, हे मुलांना व पालकांना कळावे, अशी तिची दृष्टी होती. इनब्लूमच्या तुलनेत ही रक्कम फारच तुटपुंजी होती. त्याच सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली, जो जानेवारी २०१६पासून अमलात आला: शालेय सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना विद्यार्थ्यांची माहिती विकण्यास आणि तिच्या आधारे लक्ष्यित जाहिराती दाखवण्यास त्याने बंदी घातली. त्यात शाळेने पाळायची अनुदानाची अट नव्हती. जबाबदारी थेट कंपनीवर होती.