मोटार अपघात दावा : प्रतिवादीचे उत्तर

अपघातातील जखमीने भरपाई मागितल्यावर गाडीच्या चालक-मालकाने न्यायाधिकरणापुढे मांडायची लेखी कैफियत. नागावात अलिबाग–रेवदंडा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांना लागून जातो आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी भरतो. येथील अपघाताचा दावा अलिबागला चालतो. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार जखमी व्यक्ती राहत्या गावीही तो लावू शकते. म्हणून नागावकराला मुंबई-पुण्याचीही नोटीस येऊ शकते.

जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे पहिले कर्तव्य. विमा कंपनीलाही अपघात लेखी कळवावा लागतो. कैफियतीसोबत आरसी, पॉलिसी व परवाना जोडावा. पंचनाम्यातील टायरच्या खुणा, गाडीची दिशा, रस्त्याची रुंदी यांवरून जखमीचाही निष्काळजीपणा दाखवता येतो. नुसता मोघम इन्कार टिकत नाही. विमा वैध असल्यास भरपाई सहसा कंपनी देते. मालकाने जाणूनबुजून विनापरवाना चालकाकडे गाडी सोपवली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या स्वर्णसिंग निकालानुसार (२००४) कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. गैरहजर राहणे सर्वांत घातक : दावा एकतर्फी चालतो. निकालाविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.