किराळ

आमचं गाव पारनेर तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की आमचे धाकटे काका हळूच उठून ओट्यावर जाऊन बसतात. त्या वर्षी ते बारा वर्षांचे होते. करपून गुडघ्याएवढ्याच राहिलेल्या ज्वारीत त्यांनी गाय सोडली, आणि तासाभरात ती तडफडून गेली. "किराळ लागली," म्हणत माणसं पांगली. आजीनं काकांना कधीच माफ केलं नाही.

किराळ म्हणजे नेमकं काय, हे मला फार उशिरा कळलं.

१९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी कोवळ्या ज्वारीतून एक पदार्थ वेगळा काढला. अरबीत ज्वारीला 'धुरा' म्हणतात, म्हणून त्याचं नाव धुरिन. पुढे १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात एरिक कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पान हे धुरिन टायरोसीनपासून बनवतं. टायरोसीन म्हणजे आपल्या डाळी-दुधातही असणारं एक साधं अमिनो आम्ल! पान त्याचं रूप बदलतं, त्याला साखर जोडतं आणि पेशीत साठवतं. ते फोडणारं विकर असतं दुसऱ्या पेशींत. जनावरानं पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही.

पाणी तुटून वाढ खुंटली की कोवळ्या पानांतलं धुरिन वाढतं. कोणी खाल्लं नाही, तर ज्वारी तेच धुरिन हळूहळू मोडते आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा नव्या अमिनो आम्लांसाठी वापरते. गाईला जे विष, ती ज्वारीची अडीअडचणीची पुंजी. फुलोऱ्याआधी ज्वारीत गुरं घालू नयेत, नीट वाळलेला कडबा खुशाल घालावा, हे जुनी माणसं सांगत ते यामुळेच.

गेल्या दिवाळीत हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं थोडं उतरेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किराळ लागते हे मला तेव्हाही ठाऊक होतं रे," ते म्हणाले. "पण चार दिवस तिच्या पोटात काडी नव्हती. दाव्याला हिसके देत होती. मला बघवेना."

आजीला त्यांनी हे कधी सांगितलं होतं का, ते विचारायचं माझ्याच्यानं झालं नाही.