तांबट आळीचा ठोका आणि थरथरणारा सूर

कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम चालू असताना हातोड्याचा ठोका समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. थोडा उशिरा, पण सूर तोच. म्हणून डिले म्हटलं की आपल्याला फक्त प्रतिध्वनी आठवतो. खरी गंमत तो उशीरच बदलायला लागला की सुरू होते.

समजा, गणपतीच्या दिवसांत स्पीकर लावलेला टेम्पो गल्लीतून सेकंदाला एक मीटर वेगाने तुमच्यापासून लांब चाललाय. दर सेकंदाला आवाजाला यायला आधीपेक्षा सुमारे 3 मिलिसेकंद जास्त लागणार. म्हणजे स्पीकरने एका सेकंदात सोडलेल्या 440 लाटा तुम्हाला 1.003 सेकंदात मिळणार. सूर 0.3 टक्के उतरला! एवढं कुणाला कळणार म्हणा. पण टेम्पोच्या पुढच्या भिंतीवरून परतणारा आवाज तेवढाच चढलेला असतो. दोन्ही एकत्र कानात आले की सेकंदाला दोन-तीनदा आवाज थरथरतो.

डॉप्लरने हे 1842 मध्ये मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगांसाठी. 1845 मध्ये बाइज बॅलटने हॉलंडमध्ये चक्क आगगाडीवर वादक बसवून आणि रुळांशेजारी जाणकार कानांची माणसं उभी करून ते पडताळलं. (असा प्रयोग करायला मिळाला तर मी सुट्टी टाकून जाईन.)

पुढचा टप्पा आपल्या पेटीच्या दुखण्याशी जुळतो. पेटीचे सूर पक्के बांधलेले, त्यावर मींड निघत नाही, ही तक्रार जुनीच. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदीच घातली आणि ती पुढे तीसेक वर्षं टिकली. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत डोनाल्ड लेस्लीला हॅमंड ऑर्गनचा आवाज असाच निर्जीव वाटत होता. त्याने काय करावं? स्पीकरपुढे गरगर फिरणारा कर्णा बसवला. कर्ण्याचं तोंड जवळ आलं की सूर किंचित चढतो, लांब गेलं की उतरतो. हॅमंडसाहेबांना हे अजिबात पटलं नाही. वादकांना मात्र पटलं.

म्हणजे तोवर सूर हलवायचा तर बहुतेकदा काहीतरी प्रत्यक्ष हलवावं लागे. 1969 मध्ये फिलिप्समधल्या सँगस्टर आणि टीर यांनी ती कटकट संपवली. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकवायचा. सरकवण्याचा वेग कमी-जास्त केला की उशीर बदलतो आणि त्याबरोबर सूरही. 1975 च्या रोलँड जॅझ कोरस अँप्लिफायरमध्ये हीच युक्ती होती. मूळ आवाज आणि हा हलणारा आवाज, दोन्ही एकदम. झाला की आपला टेम्पो आणि भिंत!

आता बादल्यांच्या जागी मेमरीतला गोल बफर आहे. एक इंडेक्स लिहीत जातो, दुसरा मागून वाचत येतो. मधलं अंतर कायम ठेवलं तर तांबट आळी. ते सावकाश मागे-पुढे झुलवलं तर कोरस. फक्त वाचणारा इंडेक्स पूर्णांकात उड्या मारू देऊ नका. शेजारच्या दोन नमुन्यांमधली किंमत काढा, नाहीतर सुराऐवजी चरचर ऐकू येते.